गुंठाभर जागा आणि शहराचा नकाशा

(संस्थेच्या वर्षावास कार्यक्रमात, विहाराच्या सभागृहात सभासद व विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हाला 'आंबेडकरी चळवळीपुढील आव्हाने' असा विषय सुचविला होता. एवढ्या मोठ्या विषयाला हात घालावा अशी आमची पात्रता नाही. आम्ही कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेच्या काउंटरमागे बसलो, ते आजतागायत तिथेच आहोत. तेव्हा संयोजकांची परवानगी घेऊन आम्ही तो विषय लहान करत करत एका गुंठ्यावर आणून ठेवला आहे. आज आम्ही बोलणार आहोत ते घराच्या जागेविषयी, आणि आपल्या या तालुक्याच्या गावात ती जागा कोणाला मिळते व कोणाला मिळत नाही हे ठरविणाऱ्या नियमांविषयी.

विद्यार्थ्यांसाठी आधी हिशेब सांगतो. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे तेहतीस बाय तेहतीसचा चौकोन. रमाई आवास योजनेत घरकुलाचे क्षेत्र २६९ चौरस फूट धरलेले आहे. म्हणजे एका गुंठ्यात तशी चार घरकुले बसतात. एका कुटुंबाला एक गुंठा म्हणजे ऐसपैस जागा झाली. पुढे पडवी, मागे न्हाणीघर, दारात तुळस नाही तरी पिंपळाचे रोप, आणि मुलगा कमावता झाला तर वर एक खोली. गरिबाचे स्वप्न गुंठ्यापेक्षा मोठे नसते. आणि नेमका हा गुंठाच कायद्याच्या पुस्तकात बसत नाही.

आमच्या ओळखीच्या एक उपासिका आहेत. नगरपरिषदेत सफाई कामगार म्हणून त्यांनी आयुष्य काढले. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला उत्पन्नाचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग खर्चाला, दोन कामधंद्याला आणि चौथा अडीअडचणीसाठी बाजूला. मावशींना हे सुत्त कोणी वाचून दाखविले होते की नाही कोण जाणे, पण चौथा भाग त्यांनी भिशीत टाकला आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीत एक गुंठा जागा घेतली. शंभर रुपयांच्या बाँडवर लिहिले, नोटरी केली, पैसे रोख मोजले. पत्र्याचे घर उभे राहिले. नगरपरिषदेने घरपट्टी लावली, विजेचे मीटर आले, मतदार यादीत नाव आले. काही वर्षांनी मुलगा नोकरीला लागला आणि पक्के घर बांधण्यासाठी मायलेक कर्जाची चौकशी करायला आमच्याकडे आले.

फाईल आम्हीच तयार केली. पगाराचे दाखले व्यवस्थित होते, कुठे थकबाकी नव्हती. पण घरकर्ज म्हणजे जमिनीचे गहाणखत, आणि गहाण ठेवायला जमीन कागदावर असावी लागते. नोंदणीकृत खरेदीखत नाही, सातबाऱ्यावर मावशींचे नाव नाही, अकृषिक आदेश नाही, मंजूर रेखांकन नाही, त्यामुळे बांधकाम परवाना नाही. वकिलांनी शोध अहवालावर दोन ओळी लिहिल्या आणि फाईल परत आली. मावशी काउंटरवर येऊन म्हणाल्या, "भाऊ, घरपट्टी भरते मी कितीतरी वर्षं. पावत्या हायेत की माझ्याकडं. घर न्हाई तर घरपट्टी कशाची घेतात?" आम्ही बँकेचे नियम समजावून सांगितले. नियम आम्हाला तोंडपाठ आहेत. त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यात नव्हते. पुढे मुलाने एका खाजगी फायनान्सवाल्याकडून जास्त व्याजाने पैसे उचलले. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख मिळत होते, तेही हातचे गेले, कारण तिथेही पहिली अट जागेच्या मालकीचा पुरावा हीच. ज्याला जागा आहे त्याला घरासाठी मदत आहे. ज्याची अडचण जागेचीच आहे त्याने काय करायचे, हा प्रश्न बाहेरच राहतो.

मावशींनी खरेदीखत का केले नाही? कारण ते होतच नव्हते. १९४७ साली मुंबई प्रांतात शेतजमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. आपण त्याला तुकडेबंदी म्हणतो. ठराविक प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा विकता येणार नाही, असे हा कायदा सांगतो. हे क्षेत्र पूर्वी जिल्ह्याजिल्ह्यात वेगवेगळे होते. २०२३ साली ते बहुतेक ठिकाणी बागायतीला दहा गुंठे आणि जिरायतीला वीस गुंठे असे ठरले. हेतू शेतीचा होता. पिढ्या वाढतात, वाटण्या होतात, शेत चिंधीएवढे होते आणि त्यात नांगरही वळत नाही, हे थांबवावे असा विचार त्यामागे होता.

इथे विद्यार्थ्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. बाबासाहेबांनी या प्रश्नावर १९१८ सालीच 'स्मॉल होल्डिंग्ज इन इंडिया अँड देअर रेमेडीज' हा निबंध लिहिला होता. आपण बाबासाहेबांना घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, पण ते मुळात अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपल्या भाषणांतून पुष्कळदा राहून जाते. त्यांचे म्हणणे असे की, जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या क्षेत्रफळावरून ठरत नाही. त्यावर राबणारे हात किती, बैल-अवजारे किती, भांडवल किती, यांच्या प्रमाणात ते ठरते. शेतीवर माणसांचा भार जास्त झाला आहे, तो उद्योगधंद्यांत गेला पाहिजे. नुसती फूटपट्टी घेऊन जमीन मोठी केली तर प्रश्न सुटणार नाही. पुढे मुंबई कायदेमंडळात लहान शेतधारकांविषयीचे विधेयक आले, तेव्हा १० ऑक्टोबर १९२७ रोजी त्यांनी त्याला विरोध केला. जमीन एकत्र करताना लहान माणूस भूमिहीन होईल, हे त्यांना दिसत होते. फूटपट्टी सर्वांना सारखीच लागते, पण तिच्या खाली कोण राहतो हे आधी बघावे, ही दृष्टी आम्ही त्या निबंधातून घेतली. शेतीच्या हिशेबासाठी आलेली ती फूटपट्टी पुढे घराच्या जागेला लागली, आणि तिच्या खाली कोण राहिले हे ओढ्यापलीकडे जाऊन पाहता येते.

कायदा गरज थांबवू शकत नाही, ती फक्त आडवाटेला लावतो. गावाच्या कडेचा शेतकरी गुंठ्यागुंठ्याने जमीन विकू लागला. कोणी नोटरी केली, कोणी साठेखतावर थांबले. काही ठिकाणी दहा-अकरा जणांनी मिळून अकरा गुंठ्यांचे एकच खरेदीखत केले. सातबाऱ्यावर अकरा नावे, जमीन सामाईक, आणि प्रत्यक्षात प्रत्येकाने आपापल्या गुंठ्याला दगड लावले. सामाईक हिश्श्यावर बँक कर्ज देत नाही, कारण वसुलीची वेळ आली तर कोणते घर विकायचे हेच ठरत नाही. अशा वसाहतींनाच गुंठेवारी म्हणतात. सांगली, सोलापूर, औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) या शहरांत त्या इतक्या वाढल्या की २००१ साली शासनाला गुंठेवारी नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला. १ जानेवारी २००१ पर्यंतच्या वसाहतींना तो लागू झाला. २०२१ साली ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली. तुकडेबंदीचेही तसेच. मोडलेले व्यवहार नियमित करण्यासाठी २०१७ साली बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत रक्कम भरण्याची सोय झाली. ती कोणाला परवडणार? २०२४ साली तीच ५ टक्क्यांवर आली, आणि २०२५ साली रक्कम न घेता व्यवहार नियमित करण्याचा निर्णय झाला. आम्ही या निर्णयाचे स्वागत करतो. मात्र बंधूंनो, व्यवहार नियमित होणे वेगळे आणि घर बांधण्याची परवानगी मिळणे वेगळे, हे ध्यानात ठेवा. परवानगी मिळते ती नकाशातल्या रंगावर.

शहराचा एक नकाशा असतो. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे नगरपरिषद विकास योजना करते. त्यात पिवळा रंग म्हणजे निवासी विभाग, हिरवा म्हणजे शेती विभाग. शिवाय शाळा, क्रीडांगण, बाजार, रस्ता यांची आरक्षणे. आपल्या सध्याच्या नकाशात ओढ्यापलीकडची वस्ती हिरव्या रंगात आहे, आणि तिच्या एका कोपऱ्यावर क्रीडांगणाचे आरक्षण आहे. साठ घरे, दोन हातपंप, एक समाजमंदिर, आणि कागदावर ज्वारीचे शेत. ओढ्याच्या अलीकडे आमची कॉलनी. ती पिवळी.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय निवडला तिच्याकडे येतो. ती सांगताना आम्हाला संकोच होतो, पण न सांगता पुढे जाता येत नाही.

२०११ साली आम्ही काही नोकरदारांनी मिळून दोन एकर जमीन घेतली. शिक्षक, तलाठी, एस.टी.तले, वीज मंडळातले आणि आम्ही बँकेतले. बहुतेक सारे आपलेच. रेखांकन मंजूर करून घेतले, दहा टक्के खुली जागा सोडली, रस्ते आखले, आणि १५०० चौरस फुटांचे छत्तीस प्लॉट पाडले. त्या वेळी नगरपरिषदेच्या चतुर्थश्रेणीतील सात जण आमच्याकडे आले होते. त्यांत मावशीही होत्या. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, आम्हाला पाचशे फुटांचा तुकडा द्या, पैसे हप्त्याने देऊ. हिशेब अवघड नव्हता. चार प्लॉट मोडले असते तर पाचशे फुटांचे बारा झाले असते. छत्तिसांच्या जागी चव्वेचाळीस कुटुंबे राहिली असती आणि जमीन इंचभरही जास्त लागली नसती. नियमाच्या चौकटीत ते कसे बसवायचे हे नगररचनेच्या माणसाला विचारता आले असते. आम्ही विचारले नाही.

बैठक झाली. चर्चा बरीच झाली, पण ती या सात जणांवर नव्हती, 'कॉलनीचा दर्जा' या शब्दावर होती. लहान प्लॉट आले की पत्रे येतील, कोंबड्या येतील, दारू येईल, उद्या आपल्या जागेला भाव येणार नाही. हे बोलणारे भिमजयंतीला व्याख्याने देणारे होते. शेवटी ठराव झाला की, वसाहतीचा दर्जा राखण्याच्या दृष्टीने १५०० चौरस फुटांपेक्षा लहान भूखंड पाडू नयेत. सर्वानुमते. इतिवृत्त आमच्याच हस्ताक्षरात आहे. आमचे अक्षर चांगले म्हणून ते काम नेहमी आमच्याकडे असते. हात वर करणाऱ्यांत आम्हीही होतो. कॉलनीला नाव मात्र आपण महामानवाचेच दिले. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत मावशींनी ओढ्यापलीकडचा गुंठा घेतला.

त्या ठरावात जातीचा उल्लेख नाही, गरीब-श्रीमंत असाही शब्द नाही. फक्त एक आकडा आहे. बरीच वर्षे आम्हाला वाटत होते की तो निव्वळ तांत्रिक ठराव होता. पुढे वाचनात अमेरिकेतील एका गावाची हकीकत आली आणि आमचे डोळे उघडले. ती थोडी विस्ताराने सांगतो, कारण बाबासाहेब ज्या देशात शिकले तिथली ती आहे.

१९१७ साल आठवा. कोलंबिया विद्यापीठात शिकून आणि लंडनहून परतून बाबासाहेब बडोद्याला नोकरीला गेले. त्यांना कोणी घर देईना. पारशी धर्मशाळेत ते राहिले, आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून बाहेर काढले. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लुईव्हिल शहराचा एक नियम रद्द केला. ज्या गल्लीत गोऱ्यांची घरे जास्त तिथे काळ्या माणसाने राहायला जायचे नाही, असा तो नियम होता. न्यायालयाने तो मोडला. मग काय झाले? रंगाचे नाव घेणारे नियम गेले आणि फुटांचे नाव घेणारे राहिले. अमुक विभागात फक्त स्वतंत्र घरेच हवीत, प्लॉट अमुक फुटांपेक्षा लहान नको, चाळी नकोत. १९२६ साली ओहायो राज्यातील युक्लिड या लहान गावाच्या खटल्यात त्याच न्यायालयाने असे विभाग पाडणे वैध ठरविले, आणि देशभर गावोगाव ते पसरले.

न्यू जर्सी राज्यात माउंट लॉरेल नावाचे गाव आहे. तिथे काळ्या कुटुंबांची एक जुनी वस्ती होती, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राबलेली. शहरातून पैसेवाले लोक येऊ लागले, जमिनीला भाव आला. काळ्यांची घरे मोडकी, काही तर कोंबड्यांच्या खुराड्यांची केलेली. ती राहण्यास अयोग्य ठरवून पाडली जाऊ लागली. तेव्हा एथेल लॉरेन्स नावाच्या बाई आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी छत्तीस साध्या सदनिका बांधण्याची योजना आखली. गावाने सांगितले, नियमात बसत नाही. नियम काय होता? राहण्याच्या एका विभागात प्लॉट कमीत कमी ९३७५ चौरस फुटांचा, म्हणजे आपले साडेआठ गुंठे, आणि घर कमीत कमी ११०० चौरस फुटांचे. आपला अख्खा गुंठा भरेल एवढे घर, तेही सर्वांत लहान! दुसऱ्या विभागात प्लॉट अर्ध्या एकराचा. आणि गावची सुमारे तीस टक्के जमीन उद्योगांसाठी राखलेली, त्यातली शंभर एकरही वापरात आली नव्हती. जागा नव्हती असे नाही. १९७० साली तिथले नगराध्यक्ष काळ्यांच्या चर्चमध्ये गेले आणि ज्यांना या गावात राहणे परवडत नाही त्यांनी गाव सोडावे, अशा अर्थाचे बोलून आले.

एथेल लॉरेन्स कोर्टात गेल्या. त्या बालवाडीत शिकवीत, नऊ मुलांची आई. १९७५ साली न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, जमीनवापराचे नियम करून कोणत्याही गावाला गरिबांची वाट बंद करता येणार नाही, त्या भागाच्या गरजेतला आपला वाटा प्रत्येक गावाने उचलला पाहिजे. गावाने काय करावे? न बांधता येण्यासारखे तीन तुकडे दाखवून मोकळे झाले. पुन्हा कोर्ट, १९८३ साली पुन्हा निकाल, अधिक कडक. १९९४ साली एथेल लॉरेन्स वारल्या. पहिली घरे उभी राहिली २००० साली, त्यांच्याच नावाने, पुढे एकूण १४० सदनिका झाल्या. पहिल्या निकालापासून पंचवीस वर्षे! आणि गंमत पहा, विरोध करणाऱ्यांचे म्हणणे काय होते? गुन्हे वाढतील, कर वाढतील, आमच्या घरांचे भाव पडतील. डग्लस मॅसी या समाजशास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर त्याचा रीतसर अभ्यास केला आणि २०१३ साली पुस्तक काढले. आसपासच्या वस्त्यांत यातले काहीही झाले नव्हते.

ते वाचताना आम्हाला आमचे इतिवृत्त आठवले. 'दर्जा राखण्याच्या दृष्टीने'. माउंट लॉरेलचे लोक गोरे होते, आम्ही जयभीमवाले. वाक्य तेच होते.

आणि हे सगळे जुने झाले असे कोणी समजू नये. आपल्या नगरपरिषदेने विकास योजना सुधारण्याचा इरादा जाहीर केला आहे. गेल्या महिन्यात आमच्या कॉलनीत एक अर्ज फिरला. ओढ्यापलीकडील पट्टा हिरवाच ठेवावा, क्रीडांगणाचे आरक्षण कायम करून तेथील अतिक्रमण हटवावे, अशी मागणी. अतिक्रमण म्हणजे मावशींचे घर, ज्याची घरपट्टी भरलेली आहे. कॉलनीतील मुलांना खेळायला जागा नाही, हे कारण. मुलांना जागा हवी हे खरे आहे. पण आपली खुली जागा आपण वाहनतळासारखी वापरतो, तिथले दोन ट्रॅक्टर आधी हलवावेत. अर्ज टंकलिखित करून द्या म्हणून आमच्याकडे आला होता. आम्ही केला नाही. सहीही केली नाही. पण गप्प राहिलो, हेही सांगितले पाहिजे. एकाच जिन्यावर भेटणारी माणसे आहेत, उद्या मुलांची लग्ने आहेत. आज इथे उभे राहून बोलतो आहोत ते पहिल्यांदा. त्यांतील काही मंडळी समोर बसली आहेत, त्यांनी राग मानू नये, किंवा मानावा.

मोठ्या शहरांसाठी शासनाने २०१३ साली नियम केला की, मोठ्या रेखांकनात वीस टक्के जागा लहान, गरिबांना परवडणाऱ्या भूखंडांसाठी ठेवावी. पण तो दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महानगरपालिकांसाठी. आपल्यासारख्या नगरपरिषदेत बिल्डरवर असे बंधन नाही. लहान गावात जमीन स्वस्त असते, गरिबाला कुठेही मिळते, असे कदाचित गृहीत धरले असेल. आमच्या काउंटरवर येऊन कोणी चार दिवस बसले असते तर असे वाटले नसते. तेव्हा आपल्या हातात काय आहे? नकाशा आहे. अधिनियमाप्रमाणे प्रारूप योजना करण्याआधी जमिनीच्या सध्याच्या वापराचा नकाशा करावा लागतो. सर्वेक्षणवाले येतात, कोणत्या जागेवर घर, कोणत्या जागेवर पीक हे लिहून नेतात. त्या नकाशात वस्ती शेत म्हणून गेली तर पुढे सारे शेत म्हणूनच चालते. नंतर प्रारूप योजना जाहीर होते, राजपत्रात आणि वर्तमानपत्रात सूचना येते, हरकती मागवल्या जातात, नियोजन समिती सुनावणी घेते, आणि शेवटी शासन मंजुरी देते. आपले लोक जागे होतात ते जेसीबी आल्यावर. हरकत घेण्याची मुदत केव्हाच संपलेली असते. वर्तमानपत्रातली ती सूचना इतक्या बारीक अक्षरात असते की लग्नाच्या जाहिराती वाचणाऱ्यालाही दिसत नाही.

म्हणून आमची विनंती ठराव करण्याची नाही. ठराव पुष्कळ झाले, त्यांतला एक आम्हीच लिहिला. ओढ्यापलीकडच्या साठही घरांची आपण स्वतः मोजणी करू. प्रत्येक घराची लांबी-रुंदी, घरपट्टीची पहिली पावती, विजेच्या मीटरची तारीख, नोटरी किंवा साठेखताची झेरॉक्स, गट नंबर, आणि चालू सातबारा. सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग-२' दिसले तर ते वेगळे लिहा. ती जुन्या वतनाची जमीन असू शकते. १९५८ च्या कायद्याने महार वतने संपली आणि जमिनी अटीवर परत मिळाल्या. परवानगीशिवाय विकलेल्या अशा जमिनीवर घर असेल तर त्याचा मार्ग निराळा आहे. ते कागद वकिलांना दाखवू. बाकीच्यांचा एक तक्ता करून, हातनकाशासह, मुख्याधिकारी आणि नगररचना कार्यालयाकडे पोचपावती घेऊन देऊ. वस्ती निवासी विभागात घ्या, आणि क्रीडांगण ओढ्याकाठच्या मोकळ्या सरकारी तुकड्यावर हलवा, ही मागणी. तो तुकडा आम्ही पाहून आलो आहोत. सपाट आहे, बाभळी तेवढ्या काढाव्या लागतील.

या कामाला पदवीच्या वर्गातील दहा-बारा मुले-मुली हवी आहेत. ज्यांना भूगोल आहे त्यांनी नकाशाचे काम घ्यावे, वाणिज्यवाल्यांनी तक्ते. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता समाजमंदिरापाशी जमायचे आहे. मोजणीची टेप पन्नास फुटी आणावी, लहान टेप दर भिंतीला उचलावी लागते आणि मोजमाप चुकते. सुरुवात मावशींच्या घरापासून करू, त्यांनी चहा करण्याचे कबूल केले आहे. कॉलनीतील ज्यांनी अर्जावर सही केली आहे त्यांनाही यायला मनाई नाही.

नमो बुद्धाय, जयभीम.